खरवडलेला क्रमांक

लंडनमध्ये कागद-संवर्धनाचे काम करताना माझा बराचसा वेळ आधीच्या पिढ्यांनी हौसेने लावलेला सरस उतरवण्यातच जातो. अलीकडे आलेले चित्रही असेच पुठ्ठ्याला अख्खे चिकटवलेले होते. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याने तांब्याच्या पत्र्यांवर आम्लाने कोरून छापलेल्या काल्पनिक तुरुंगांच्या मालिकेपैकी हे चौदावे. यातला कोणता खांब पुढे आणि कोणता मागे, याचा मेळ कितीही पाहिले तरी बसत नाही. सोबत विक्रेत्याची जुनी चिठ्ठी होती : ‘पहिली आवृत्ती, सुमारे १७५०’. अशा चिठ्ठ्या लिहिणारे कागद उजेडासमोर धरण्याचे कष्ट क्वचितच घेतात.

पुठ्ठा पापुद्र्यांनी सोलला, उरलेला सरस मेथिल सेल्युलोजच्या लेपाने फुगवून हळूहळू उचलला आणि कागद प्रकाशपेटीवर ठेवला. एका ठिकाणी नखाएवढा भाग इतका पातळ होता की तिथून उजेड थेट डोळ्यांत आला. तिरक्या प्रकाशात भिंगाखाली पाहिले, तर तंतू पात्याने उचकटून मग घासून बसवलेले दिसले. १७६१च्या आवृत्तीतील चित्रांवर रोमन क्रमांक आहेत, पहिल्या आवृत्तीत ते नाहीत. कोणीतरी तो क्रमांकच खरवडून काढला होता.

लबाडीपेक्षा मला तिच्यातल्या आळसाचा राग आला, कारण त्या माणसाने चित्राकडे पाहिलेलेच नव्हते. पहिल्या आवृत्तीत पिरानेसीची रेषा मोकळी आणि चपळ आहे, आणि तांब्याच्या पत्र्यावर शाईचा पुसट थर राहू दिल्याने सगळीकडे धुरकट उजेड पसरलेला दिसतो. पुढे त्याने तेच पत्रे पुन्हा आम्लात घातले, तुळया, जिने आणि साखळदंड वाढवले, सावल्या काळ्याकुट्ट केल्या आणि चौदा चित्रांची सोळा केली. आम्लाने खोल खाल्लेल्या रेषेची शाई कागदावर बारीक वरंब्यासारखी उभी राहते. ती माझ्यासमोरच्या कागदावर ठायी ठायी उभी होती आणि ती खरवडायची, तर सगळे चित्रच खरवडावे लागले असते.

चित्राच्या मालकांना आता ती पातळ जागा दिसेनाशी करून हवी आहे. जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने ते काम सहज होईल. ‘अहवालात नोंद आहेच की,’ असे आमचे वरिष्ठ म्हणतात. पण अहवाल फाइलीत राहतो आणि चित्र बाजारात जाते. फक्त मागून इतका विरळ आधार द्यावा की प्रकाशपेटीवर खूण दिसत राहील, असे मी लेखी सुचवले आहे. मालक नाही म्हणाले, तर ते काम माझ्या हातून व्हावे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.