दहा बाय बाराच्या खोलीतले पोर्ट्रेट

घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो स्टुडिओत न नेता त्यांच्याच घरी काढायचे ठरवले, तेव्हा माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, निकॉन कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स होती. ज्याला विचारावे तो म्हणे, "पोर्ट्रेट ना? मग ८५ एमएमची लेन्स घे." कोणीही खोली किती मोठी आहे हे विचारले नाही.

मी आधी सिडकोतल्या काकांच्या खोलीला टेप लावली. दहा बाय बारा, त्यात पलंग आणि गोदरेजचे कपाट. खुर्चीत बसलेला माणूस उभ्या फ्रेममध्ये मांडीपर्यंत घ्यायचा म्हणजे साधारण एक मीटर उंची. त्यासाठी क्रॉप सेन्सरवर ८५ला बारा फूट लांब उभे राहावे लागते, ५०ला सात आणि ३५ला पाच. शिवाय मागच्या भिंतीवर सावली पडू नये म्हणून खुर्ची तीन फूट पुढे ओढायची. ८५ लावली असती तर मी जिन्यात गेले असते! तिचा विचार सोडला आणि ५० एमएम एफ/१.८ घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते). दोघांचा एकत्र फोटो असला की किट लेन्सच ३५वर ठेवते. फक्त चेहऱ्याच्या फार जवळ जात नाही. नाक मोठे दिसते ते जवळ गेल्यामुळे, लेन्सला उगाच दोष देतात.

एफ/१.८चे कौतुक मला थोडे जास्तच वाटते. पाच फुटांवरून फोकसमध्ये राहते ती पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटरची. मान किंचित वळली की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. आत्याची नथ आणि दोन्ही डोळे हवे होते, म्हणून छिद्र लहान करून एफ/४.

खरा वेळ गेला तो लाइटवर. काकांकडे खिडकी चांगली आहे. पांढरा पातळ पडदा ओढला, खुर्ची खिडकीला आडवी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा शीट उभा केला. ट्यूब बंद केल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, लाइट लाव ना, अंधारात कसला फोटो?" पण खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकत्र आले की अर्धा गाल एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेडाचा रंग जुळवायची सेटिंग, कितीही फिरवला तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत.

संध्याकाळी मात्र फ्लॅश काढावाच लागला. छताकडे वळवून मारला तर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या. बाजूच्या भिंतीवर मारावा तर भिंत पोपटी, म्हणजे काकाही पोपटी. पंचवटीतल्या आत्याच्या जुन्या वाड्यात तर छत लाकडी, काळपट; तिथून उजेड परत येतच नाही. शेवटी फ्लॅशचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री आणि स्टँड घेतला. छत्री चेहऱ्यापासून तीन फुटांवर, डोळ्यांच्या थोडी वर आणि बाजूला. तीच सहा फुटांवर नेली की उजेड चौथाईवर येतो आणि सावल्याही कडक होतात. 'उजेड मऊ हवा तर छत्री लांब ने' हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला; तो उलटा आहे.

दिवसा मात्र वाड्यात छत्री उघडलीच नाही. चौकाच्या कडेला, पडवीच्या पागोळीखाली आत्याला चौकाकडे तोंड करून बसवले. वरून उतरणारा उजेड पडवीच्या छतामुळे थेट डोक्यावर न येता समोरून येतो. फरशीवर पांढरी चादर अंथरली, हनुवटीखालची सावली भरली. असा उजेड विकत मिळणार नाही.

काकांच्या चष्म्यात छत्री दिसत होती. ती आणखी वर नेली, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या, चमक गेली. काकू म्हणत होत्या, चष्मा काढूनच टाका. काका म्हणाले, "मग फोटो कुणाचा म्हणून लावणार?"