बेलो क्लाउदिया: मासळीच्या हौदांपाशी एक सकाळ

स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर असलेल्या बोलोनिया गावाच्या किनाऱ्यावर बेलो क्लाउदिया या रोमन नगराचे अवशेष आहेत. पहिल्या खेपेस आम्ही तेथे सोमवारी पोहोचलो आणि बंद फाटक पाहून परतलो. सोमवारी हे स्थळ बंद असते, एवढी साधी गोष्टही आम्ही आधी पाहून ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र उघडण्याच्या वेळेलाच हजर झालो, आणि ते फार बरे झाले, कारण आत सावली जवळजवळ नाही.

बहुतेक लोक थेट फोरमकडे, म्हणजे नगराच्या मुख्य चौकाकडे, आणि ज्युपिटर, जुनो व मिनर्व्हा यांच्या तीन मंदिरांकडे वळतात. माझा सल्ला उलटा आहे: आधी समुद्राकडे उतरावे. नगराच्या दक्षिण भागात, वाळूला अगदी लागून, मासळी खारवण्याचे कारखाने आहेत, आणि हे नगर मुळात येथे का वसले याचे उत्तर मंदिरांत नसून त्या हौदांत आहे. स्ट्राबो या ग्रीक भूगोलकारानेही बेलोचे वर्णन करताना व्यापारपेठेबरोबर मासळी खारवण्याच्या या धंद्याचाच उल्लेख केला आहे. वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे निघालेले ट्यूना मासे येथील चिंचोळ्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जातात. आजही बार्बाते, साहारा, कोनिल आणि तारिफा येथे ते ‘अल्माद्राबा’ नावाच्या स्थिर जाळ्यांत पकडले जातात.

हौद पाहताना घाई करू नये. जमिनीत खोदून बांधलेल्या या टाक्यांच्या भिंतींना आतून जो लेप आहे तो चुन्यात भाजलेल्या मातीचा चुरा कालवून केलेला आहे. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या बांधकामात सुरखी वापरत, तीच ही युक्ती, आणि कारणही तेच: पाणी झिरपू नये. भिंत आणि तळ जेथे मिळतात तेथे लेपाचा एक गोलसर, फुगीर पट्टा दिलेला दिसतो. त्याने सांधा गळत नाही आणि कोपऱ्यात घाण साचत नाही. काठाशी वाकून मी तो पट्टा बराच वेळ पाहत होतो. मासळीचा हौद खरवडून धुण्याचे काम ज्याला रोज करावे लागे, त्याच्या सोयीचा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

तरीही नुसता हौद दिसला म्हणजे तेथे गारुम, म्हणजे रोमनांचा मुरवलेल्या मासळीचा रस, होत असे, असे म्हणता येत नाही. ट्यूनाचे तुकडे मिठात थर लावून ठेवणे हा एक धंदा. आणि लहान मासे, आतडी व रक्त मिठात घालून उन्हात काही आठवडे मुरवणे, म्हणजे माशांच्या पोटातील पाचक द्रव्यांनी मांस विरघळून वर पातळ रस येतो, हा दुसरा. वरचा रस म्हणजे गारुम, खाली उरलेला गाळ म्हणजे आलेक. दोन्ही कामे त्याच टाक्यांत होऊ शकत असल्याने निवाडा करावा लागतो तो तळाशी सापडणाऱ्या हाडांवरून. इटलीतील पाँपेई या रोमन नगरातील एका दुकानात माठांच्या तळाशी लहान माशांच्या काट्यांचा थर मिळाला, म्हणून तेथे शंका उरत नाही. कादिस विद्यापीठाचे संशोधक बेलोच्या या कारखान्यांत 2000 सालापासून उत्खनन करीत आले आहेत.

येथे काही हौद गोल आहेत, आणि ते देवमाशांसाठी असावेत असा एक तर्क मांडला जातो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने सामुद्रधुनीच्या आसपासच्या रोमन स्थळांवर किनाऱ्यालगत वावरणाऱ्या देवमाशांची हाडे ओळखली, तेव्हापासून हा तर्क अगदीच हवेतला राहिलेला नाही. पण मला तो अजून पुरावा वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश मोफत आहे. आपल्यासारख्यांना दीड युरोच्या आसपास नाममात्र शुल्क पडते. उन्हाळ्यात दुपारी स्थळ लवकर बंद होते, म्हणून वेळ आदल्या दिवशी पाहून घ्यावी. पूर्वेचा ‘लेवान्ते’ वारा सुटला की वाळू डोळ्यांत जाते, टोपी उडते. चष्मा आणि बांधता येणारी टोपी हवीच. स्वतःची गाडी नसेल तर बसच्या भरवशावर राहू नये. बॅसिलिकात, म्हणजे न्यायदानाच्या व सभेच्या इमारतीत, उभा असलेला सम्राट ट्रेजनचा पुतळा ही प्रतिकृती आहे, मूळ पुतळा कादिसच्या संग्रहालयात आहे. तेथे जाणार असाल तर दोन ट्यूना कोरलेली गादेसची (म्हणजे प्राचीन कादिसची) नाणीही पाहून घ्यावीत.

शेवटची सूचना भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. तारिफाहून मोरोक्कोतील टँजियरला सुमारे तासाभरात फेरीबोट जाते, आणि स्ट्राबोच्या काळीही लोक बेलोहूनच पलीकडे टिंगिसला, म्हणजे आजच्या टँजियरला, जात असल्याने मोह होतो. पण त्या बोटीने आपण शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसाच्या देशांबाहेर, पडतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत स्पेनमध्ये येता येणार नाही.