पावती फाटली का?

परवा दुपारी आईला घेऊन निघाले होते. रस्ता मोकळा, ऊन कललेलं, आई शेजारी अर्धवट झोपेत. वळण संपता संपता झाडाखाली ती दिसली. पोलिसांची गाडी. काच खाली, खिडकीतून कुणाचं तरी कोपर बाहेर आलेलं.

तेव्हा माझा काटा ७८ वर होता आणि पाटी ६० ची. काट्याचं मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण पोलिसांची गाडी दिसली की माणूस आधी काट्याकडे बघतो, रस्त्याचं नंतर. मग पाय ब्रेकवर गेला. तोवर ती गाडी मागे पडलीसुद्धा. त्यानंतर मी अशी काही शहाण्यासारखी ५२ नं चालवायला लागले की मागचा ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवायला लागला.

"काय झालं गं?" आई जागी झाली.

"काही नाही. पोलीस होते."

"मग असू देत की. आपण काय केलंय?"

आई कधी गाडी चालवायला शिकली नाही, त्यामुळे तिचं मन साफ आहे. माझी पाठ मात्र ताठ झाली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि रेडिओचा आवाज मी कमी केला होता. रेडिओ का, ते मला विचारू नका.

ही ताठ पाठ बाबांची. लहानपणी प्रवासात समोरून येणारी एखादी गाडी दिवे मिचकावून गेली की बाबा म्हणायचे, "पुढे मामा आहेत. सरळ बसा रे." धाकट्या भावानं पहिल्यांदा अगदी भाबडेपणानं विचारलं होतं, "कोणते मामा?" मागच्या सीटवर वेडेवाकडे बसलेले आम्ही दोघं पाय खाली सोडून फोटोला बसल्यासारखे बसायचो. मागची पोरं सरळ बसल्यानं गाडीचा वेग कमी होत नाही, हे बाबांना कळत नसेल असं नाही. पण एकूण कुटुंबच सज्जन दिसावं, असा त्यांचा हिशोब असावा. पोलीस मागे पडले की बाबा समोरून येणाऱ्यांना दिवे मारत सुटायचे. आपल्यावर झालेले उपकार पुढच्याला फेडायचे, असा बाणा. एकदा ऐन संध्याकाळी त्यांनी असेच दिवे मारले आणि जवळ आल्यावर दिसलं की ती पोलिसांचीच जीप. जीपनंही दिवे मिचकावले आणि निघून गेली. पुढचा अर्धा तास गाडीत कुणी बोललं नाही. मग आई एकटीच हसायला लागली.

दिवे मारण्याचा हा उद्योग आपण समजतो त्याहून जुना आहे. १९०५ साली इंग्लंडमधल्या मोटारवाल्यांनी एक संघटना काढली, तीच मुळी पोलिसांच्या वेग-सापळ्यांपासून एकमेकांना सावध करायला. रस्त्यात तिची माणसं उभी असत. पुढे सापळा आहे असा सरळ इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असं कोर्टानं ठरवल्यावर त्यांनी फार सुंदर युक्ती काढली. सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकायचा. सलाम केला नाही, तर सभासदानं समजून घ्यायचं, थांबायचं आणि कारण विचारायचं. न केलेल्या सलामाबद्दल कोण कुणाला पकडणार? बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांना फार आवडलं असतं.

असो. मी आरशात बघत होते. ती गाडी सुरू होतेय का, वरचा दिवा लागतोय का, मागे येतेय का. काहीच नाही. झाड लहान होत गेलं, गाडी ठिपका झाली, कोपर तर केव्हाच दिसेनासं झालं. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं. पण हल्ली तसं वाटत नाही. पूर्वी शिट्टी वाजायची, बाजूला घ्यावं लागायचं, दोन वाक्यं अजिजीची, मग पावती फाटायची आणि विषय संपायचा. आता कुणी थांबवत नाही. फोनवर मेसेज येतो, नाहीतर घरी पाकीट. आणि तो केव्हा येईल याला काही धरबंध नाही.

वर्गात बाई बाहेर गेल्या की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. ते बरं होतं. लिहिलं की दिसायचं. पण चौथीत आम्हाला जी मॉनिटर होती, ती वहीत लिहायची. हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेल्या आमच्याकडे ती एकदा शांतपणे बघायची, वहीत काहीतरी खरडायची आणि वही मिटायची. कुणाचं लिहिलं ते कळायचं नाही. मी वर्षभर त्या वहीला घाबरले. वार्षिक परीक्षा झाल्यावर तिनं ती सगळ्यांना दाखवली. माझं नाव साऱ्या वर्षात एकदाच होतं, आणि त्या दिवशी मी कांजिण्या होऊन घरी पडले होते.

म्हणूनच मला वॉल्टर अरनॉल्डचा हेवा वाटतो. वेगासाठी दंड झालेला इंग्लंडमधला हा पहिला मोटारवाला. साल १८९६. मर्यादा ताशी २ मैल, आणि हे गृहस्थ ८ मैलांनी सुटलेले, म्हणजे किलोमीटरच्या भाषेत जेमतेम १३. एका हवालदारानं त्यांना बघितलं, सायकलवर टांग मारली आणि ५ मैल पाठलाग करून पकडलं. १ शिलिंग दंड आणि वर कोर्टाचा खर्च. हवालदाराला धाप लागली असेल, पण अरनॉल्डला निदान त्याच दुपारी कळलं तरी की आपण पकडले गेलो.

मला रात्री झोप लागेना, तेव्हा मी माझ्या बचावाचा खटला उभा केला. मुद्दा एक, ते बघतच नसतील. बाहेर काढलेलं कोपर हे कामात असलेल्या माणसाचं कोपर नव्हे. मुद्दा दोन, बघत असले तरी मी ब्रेक मारला होता. इथे माझाच वकील गडबडला. रडारचं यंत्र आपल्याकडे लहरी सोडतं, त्या गाडीवर आपटून परततात आणि गाडी जवळ येत असेल तर त्यांची कंपनसंख्या वाढलेली असते. डॉप्लरनं हे तत्त्व १८४२ सालीच मांडून ठेवलंय. त्या वाढीवरून यंत्र वेग काढतं आणि या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही. म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलेपर्यंत ७८ हा आकडा तिकडे उमटलेला. ब्रेक हा नुसता पश्चात्ताप.

मुद्दा तीन मात्र भक्कम वाटला. गाडीतला काटा मुद्दामच थोडा पुढचं दाखवतो. कितीतरी देशांत पाळला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम असा की, काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त मात्र दाखवता येतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर, इतका. उठून कागद घेतला. काटा ७८ वर, तर खरा वेग अगदी कमीत कमी ६७. वा! मग लक्षात आलं की ६७ सुद्धा ६० च्या वरच आहे.

आता कागद हातात होताच, म्हणून सहज दुसरं एक गणित केलं. शाळेत शिकलेलं, वेगाच्या वर्गाचं. दोन गाड्या शेजारी-शेजारी, एक ६० नं, एक ७८ नं. दोघींनी एकाच जागी सारखाच ब्रेक दाबला. ६० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे ७८ ची गाडी किती वेगात असेल? मला वाटलं, १८. फरक तेवढाच तर आहे. ७८ चा वर्ग ६०८४, त्यातून ३६०० वजा, उरले २४८४, त्याचं वर्गमूळ. पन्नासला किंचित कमी. दोनदा करून बघितलं.

आणि मग तो मुलगा आठवला. त्या झाडाच्या थोडं पुढे रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता, एक पाय पॅडलवर. पलीकडे जायचं असणार. तो होता एवढं नक्की, कारण आई म्हणाली होती, "केवढी मोठी सायकल घेतलीय बघ पोरानं." मी "हो ना" म्हणाले होते. तेव्हा मी आरशात बघत होते.

मेसेज अजून आलेला नाही. त्या गाडीचं सगळं आठवतंय मला, मागच्या चाकावरचा वाळलेला चिखल, वाकडी झालेली एरिअल, कोपरावर दुमडलेली खाकी बाही. मुलगा डाव्या बाजूला होता की उजव्या, ते काही केल्या आठवत नाही.