बर्थूडचा उतार आणि माझी ६९ ची पिकअप

मागच्या ऑक्टोबरात सरपण भरून कोलोरॅडोतल्या बर्थूड पासवरून एम्पायर गावाकडे उतरत होतो. खिंड ११,३०७ फुटांवर, पुढे वळणामागून वळण. माझी १९६९ ची शेव्हरोले सी-१०, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर घासून गाडी थांबते. चौथ्या वळणावर जळक्या लायनरचा वास आला. पेडल दर वेळी आणखी खाली जायला लागलं आणि गाडी ऐकेना. दुसऱ्या गिअरवर आणून कशीबशी कडेला घेतली. चाकाजवळ हात नेववत नव्हता.

रात्री कराडला अप्पांना फोन केला. त्यांनी एसटीत असताना कुंभार्ली घाट आयुष्यभर चढला-उतरला. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं, एवढं बी इसरलास व्हय?" मी गप्प बसलो. खरंच विसरलो होतो.

ड्रम तापला की पसरतो आणि लायनरपासून दूर जातो. म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं. त्यात फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. तापून फुगलीच तर पॅडच्याच दिशेने फुगते. शेव्हरोलेनं १९७१ पासून या पिकअपना पुढे डिस्क दिल्या, त्यामुळे गाडीचं मूळपण जाईल ही भीती मला नव्हती. मात्र ७१ च्या चाकांना पाच बोल्ट आणि माझ्या चाकांना सहा. म्हणून सहा बोल्टांचे रोटर (म्हणजे डिस्क) असलेलं किट मागवलं, नाहीतर पुढची-मागची स्टेपनी वेगवेगळी बाळगावी लागली असती.

जुन्या ड्रमांतली धूळ ओल्या फडक्यानंच पुसली. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तिथे हवेचा झोत कधीही मारू नका. बेअरिंगमध्ये तळहातानं ग्रीस भरलं. चाक फिरवत नट १२ फूट-पाउंडांवर आवळला, मग सैल करून नुसत्या बोटांनी घट्ट केला आणि पिन घातली. हे काम एका दिवसात झालं.

खरा वेळ गेला पुढच्या कामात. ड्रममध्ये फिरता ड्रमच लायनरला ओढून घेतो, पायाला आयती मदत होते. डिस्कमध्ये तसं काही नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. तो चालतो इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेण्याच्या जोरावर), आणि दर हजार फूट उंचीमागे व्हॅक्यूम साधारण एक इंच पाऱ्यानं घटतो. डेन्व्हरलाच पाच इंच गेलेले, बर्थूडच्या माथ्यावर अकरा. म्हणून मी कमी व्हॅक्यूममध्येही जास्त जोर देणारा दुहेरी डायफ्रामचा बूस्टर घेतला. अप्पांचं म्हणणं इथे दुसऱ्यांदा पटलं: खालच्या गिअरात, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलं की व्हॅक्यूम वाढतो आणि बूस्टरलाही बळ मिळतं.

पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवणारा मास्टर सिलेंडरही बदलला. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कला लागला तर पॅड सतत घासत राहतात. शिवाय कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह बसवला. मागचे लायनर ड्रमला टेकेपर्यंत तो पुढचे ब्रेक क्षणभर थोपवतो, आणि जोरात दाबलं तर मागची चाकं जाम होऊ देत नाही.

मग ब्रेकच्या लाइनीतली हवा काढायला बसलो. बायको पेडलवर, मी खाली. "दाब, धर, सोड." अर्धा लिटर ब्रेक ऑइल संपलं तरी पेडल भुसभुशीतच. दुसऱ्या शनिवारी अप्पांना व्हिडिओवर दाखवलं.

"निपल कुठल्या अंगाला हाय? दाव बघू."

हवा काढायचा निपल खालच्या बाजूला होता. डावा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) मी उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. हवा वरच अडकत होती, ती कितीही पंपिंग केलं तरी निघणार कशी? अदलाबदल केली, अर्ध्या तासात पेडल टणक झालं.

पॅड बसावेत म्हणून गल्लीबाहेरच्या रस्त्यावर तीसेक वेळा हळूहळू वेग कमी करत फिरलो. परवा पुन्हा बर्थूड उतरलो, मागे तेवढंच सरपण. या वेळी सुरुवातीपासून दुसऱ्या गिअरात. एम्पायरला पोचेपर्यंत पेडल जिथल्या तिथे होतं.

मागचे ड्रम तसेच ठेवलेत. त्यांचे लायनर आपोआप अ‍ॅडजस्ट होतात, पण रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला तरच. त्यामुळे हल्ली गॅरेजमधून गाडी मागे काढताना तीन-चारदा ब्रेक मारतो, आणि शेजारच्यांचा कुत्रा दर वेळी भुंकतो.