लिस्बन : आधी उताराचा हिशोब

राजगड चढताना माझे गुडघे कधी दुखत नाहीत, दुखतात ते उतरताना. आईचंही तसंच, फक्त तिचं वय अडुसष्ट आणि तिला घरचा जिनासुद्धा पुरतो. चढ ती थांबत थांबत, दम खात चढते. उतरायची वेळ आली की मात्र हात आधी कठडा शोधतो. म्हणून लिस्बनला जायचं ठरल्यावर नकाशा उघडून मी आधी खाली यायच्या वाटा शोधल्या.

हे सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. पदपथांवर चुनखडीचे लहान लहान चौकोनी दगड बसवलेले असतात, त्याला तिथे 'कल्साडा' म्हणतात. वर्षानुवर्षं पावलं पडून ते इतके गुळगुळीत झालेत, की पावसाची एक सर आली तरी उतारावर पाय सटकतो. आणि आम्ही निघणार होतो भाऊबीज झाल्यावर, 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे तिकडे पाऊस सुरू होण्याच्या दिवसांत. आईचे बूट मी तळवा हाताने दाबून, वाकवून बघून घेतले.

व्हिसाची कागदपत्रं, तीस हजार युरोंचा विमा, हे सगळं उन्हाळ्यातच उरकलं. राहायची जागा ठरवायला मात्र वेळ लागला. फोटोत अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या फार गोड दिसतात, पण तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की पायऱ्या. आम्ही बायशात राहिलो, दोन टेकड्यांमधल्या सपाट भागात. या सपाट, सरळ रस्त्यांमागे मोठं दुःख आहे. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली, आगी लागल्या. नंतर हा भाग पुन्हा आखला, तो काटकोनात. वरच्या कार्मु मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते कधीच परत घातलं नाही. त्या उघड्या कमानींखाली आई बराच वेळ वर बघत उभी होती. मीही काही बोललो नाही.

उतरण्यासाठी माझी भिस्त ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरवर होती. 1885 पासून चालणारा, दोराला बांधलेला, उतारावरच्या रुळांवरून चढ-उतार करणारा तो पिवळा डबा. 3 सप्टेंबरला त्याचा अपघात झाला, 16 माणसं गेली. शहरातले बाकीचे फ्युनिक्युलरही थांबवले गेले. बातमी वाचली त्या रात्री कागद पुन्हा काढायचं मन होईना. आईच म्हणाली, "जाऊ या रे. दुसरी वाट असेलच की."

होती. बायशा-शियाडु मेट्रो स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक खालच्या बायशात, दुसरं वर शियाडुच्या चौकात. मधे एकामागून एक लांबलचक सरकते जिने. गाडीत बसायचंच नाही, नुसती टेकडी उतरायची. किल्ल्याच्या टेकडीच्या बाजूला तर रुआ दुश फांकेइरुशमधल्या एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. पुढे थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी. गुडघे दुखणाऱ्या कुणाला घेऊन जाणार असाल तर या दोन लिफ्ट आधी लिहून ठेवा, बाकीचं नंतर.

28 नंबरची ट्राम सकाळी लवकर, मार्तिम मोनिशच्या पहिल्याच थांब्यावर पकडली, म्हणून आईला खिडकी मिळाली. उशिरा गेलं तर उभं राहावं लागतं, आणि ती ट्राम वळणावर चांगलीच हिसके देते. खिसे सांभाळावे लागतात ते वेगळंच.

एक गोष्ट नकाशात दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे जातात. आम्ही पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी ती मागे गेली होती, त्यामुळे पावणेसहाच्या आत सूर्य बुडायचा. सेन्योरा दु मोंतच्या उंचवट्यावर म्हणूनच पाचलाच जाऊन बसलो. समोर किल्ला, लाल कौलं, त्यापलीकडे तेजू नदी. परत येताना सरळ टॅक्सी केली. अंधारात ओल्या उतारावर आईला चालवायचं नाही, हे पुण्यातच ठरलं होतं.

दुकानांत आईची वेगळीच गंमत चालली होती. बटाट्याच्या ढिगावर 'बताता', कोबीवर 'कोव्ह'. घराची किल्ली हातात देताना मालकीणबाई 'शाव्ह' म्हणाल्या, तर आई लगेच, "अगं, चावी!" पोर्तुगीजांबरोबर हे शब्द आपल्याकडे आले हे तिला ठाऊक होतं. पण ज्यांचे ते शब्द, त्यांच्या तोंडून ऐकताना ती हरखून गेली. त्या बाईंना चावी, साबण, काजू, अननस असे एकेक म्हणून दाखवत राहिली.

शेवटच्या संध्याकाळी रोसियूच्या चौकात धूर सोडणारी हातगाडी दिसली. शरदात तिथे भाजलेले चेस्टनट विकतात, कागदाच्या पुडीत, डझनावर. आईने एक सोलून खाल्ला. "रताळ्यासारखं लागतंय," म्हणाली, आणि पुडी कोटाच्या खिशात ठेवून त्यावर हात शेकत बसली.