रिपोर्ट भरून कुणाचं बीपी उतरतं का?

आशाताई विचारतात, आरोग्यसेविका विचारतात, सणाला घरी आलेले पाहुणेही विचारतात. गेल्या आठवड्यात एका आशाताईंनी सीबॅकच्या, म्हणजे घरोघर जाऊन आजाराचा धोका विचारून भरायच्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, रागावू नका, पण एवढे रिपोर्ट भरून कुणाचं बीपी उतरतं का?’ ताई, तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. त्या वेळी घाईत जे उत्तर दिलं, ते अपुरं होतं.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्यात असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाचं काम पाहते. बीपी, शुगर, आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी आशाताईंनी जायचं, तंबाखू-दारू विचारायची, कमरेचा घेर मोजायचा, घरात कुणाला हे आजार आहेत का ते लिहायचं. राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. उच्च रक्तदाबासाठीचा आयएचसीआय हा उपक्रम २०१७च्या अखेरीस देशात सुरू झाला, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, वर्धा, भंडारा यांच्याबरोबर आमचा जिल्हाही होता.

बरीच वर्षं आम्ही वर पाठवत होतो तो मुख्य आकडा म्हणजे ‘तपासणी किती झाली’. हा आकडा फक्त वाढतो. शिबिर घेतलं, वाढला. पंधरवडा साजरा केला, आणखी वाढला. एकाच माणसाचं बीपी तीन शिबिरांत मोजलं, तरीही वाढला. तपासून बीपी निघालेल्या माणसाला पुढच्या महिन्यात गोळी मिळाली का, हे त्यातून कळत नाही. आशाताईंचा प्रश्न याच आकड्याबद्दल असेल, तर त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

दुसरा आकडा वेगळा आहे, आणि माझा जीव त्यात आहे. नाव नोंदवून तीन महिने झालेल्या सगळ्या रुग्णांपैकी, गेल्या तीन महिन्यांतल्या शेवटच्या भेटीत किती जणांचं बीपी १४०/९०च्या खाली होतं? यातला ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. जो आलाच नाही, तोही भागाकारात खालच्या बाजूला राहतो.

समजा, एका केंद्रात २०० जण नोंदवलेले आहेत. तिमाहीत ११० आले, त्यातल्या ८८ जणांचं बीपी आटोक्यात होतं. आलेल्यांवर हिशेब केला तर ८० टक्के. नोंदवलेल्यांवर केला तर ४४. कागद एकच, माणसं तीच. पण ८० वाचून आपण चहा प्यायला जातो आणि ४४ वाचून त्या ९० जणांची नावं शोधायला लागतो.

एका आढावा बैठकीत अशाच एका केंद्राला चाळिशीतल्या टक्केवारीवरून सगळ्यांसमोर उभं करून बोललं गेलं. पुढच्या तिमाहीत त्याच केंद्राचा आकडा ऐंशीच्या घरात आला. मी रजिस्टर मागवलं, कार्डं मोजली. न आलेल्यांची कार्डं वेगळ्या पेटीत गेली होती आणि हिशेब फक्त उरलेल्यांचा झाला होता. त्या सिस्टरांचा मला राग आला नाही. खरं सांगितल्यावर बोलणी खावी लागणार असतील, तर पुढच्या वेळी खरं कोण सांगेल? तेव्हापासून माझ्या बैठकीत कमी टक्केवारीवर पहिला प्रश्न एकच असतो: कोण आलं नाही, आणि का?

‘का’चं उत्तर मिळतं, तिथे रिपोर्टचं चीज होतं. एका उपकेंद्राच्या यादीत चुकलेल्यांपैकी बहुतेक जण एकाच बाजूच्या तीन वाड्यांमधले निघाले. आरोग्यसेविका घरोघर गेल्या. एक आजी म्हणाल्या, ‘तरवो काढूचो होतो, माका येवक गावाक नाय.’ भाताची रोपं काढायची होती, लावणीचे दिवस होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या वाड्यांची सकाळची एसटी पोचेपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी आवरत आलेली असायची. मग त्यांच्या गोळ्या उपकेंद्रातूनच द्यायला सुरुवात केली, एकदम महिन्याभराच्या. पुढच्या तिमाहीत त्या आजींचं कार्ड ‘आटोक्यात’च्या बाजूला आलं. बीपी गोळीनं उतरलं. पण गोळी कुठे पोचत नव्हती, ते त्या यादीनं दाखवलं.

आकडा काय सांगतो याइतकंच तो कसा आला, हेही पाहावं लागतं. एका रजिस्टरमध्ये पानंच्या पानं १२०/८० आणि १३०/८०. डिजिटल मशीन असे गोल आकडे ओळीनं देत नाही. त्यात १२७ येतं, १४३ येतं, ८६ येतं. चौकशी केली तर मशीनचे सेल संपलेले, आणि नवे कुणाकडे मागायचे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. सेल दिले. पुढच्या महिन्यात त्या केंद्राची टक्केवारी घसरली, आणि मला हायसं वाटलं, कारण आता तिथे खरोखर मोजलं जात होतं. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. गर्दीच्या ओपीडीत ते किती कठीण आहे हे मी पाहते, पण चढण चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेतलं, तर त्या आकड्यावर गोळी कशी वाढवायची?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. वर्षभर न आलेला रुग्ण नियमाप्रमाणे हिशेबातून बाहेर जातो. नियमामागचं कारण मला समजतं: कुणी वारलेलं असतं, कुणी मुलाकडे मुंबईला गेलेलं असतं, कुणी खाजगी डॉक्टरांकडे गोळ्या घेत असतं. पण टक्केवारी त्यामुळेही सुधारते. म्हणून त्या नावांची वेगळी यादी मी टक्केवारीच्या शेजारीच लावते.

१७ मे २०२३ रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं. हे मोठं उद्दिष्ट मला मोलाचं वाटतं. पण उपचारांखाली आणणं आणि आजार आटोक्यात ठेवणं या दोन पायऱ्या आहेत. दुसरीचा हिशेब पहिलीइतक्याच ठळक अक्षरांत मांडला जावा, असा माझा आग्रह आहे. शिवाय जो आमच्या दारात कधी आलाच नाही, त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात साधारण चारांतला एक पुरुष आणि पाचांतली एक स्त्री बीपी वाढलेले किंवा त्याच्या गोळ्या घेणारे आढळले होते. आमच्या गावांची लोकसंख्या या मापानं ताडून पाहिली, की अजून किती घरांची दारं ठोठवायची आहेत हे कळतं.

ताई, तुमच्या गठ्ठ्यातले फॉर्म मी त्याच संध्याकाळी वाचले. सात जणांना तपासणीसाठी आधी आणायला हवं, त्यांची नावं वर काढून ठेवली आहेत. त्यातले दोघे गणपतीनंतर मुंबईला जातात, असं तुम्हीच कडेला पेन्सिलीनं लिहिलंय. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. त्यांना मी या सोमवारीच बोलावते.