रायबाचं लग्न झालं का?

तानाजीची गोष्ट आमच्याकडं शंभरदा तरी सांगून झाली असेल. त्या रात्री पण तेच, आधी लगीन कोंढाण्याचं, घोरपड, दोर कापला, गड आला पण सिंह गेला, मी आवाज जड करून थांबले आणि धाकटा (तेव्हा सहा वर्षांचा) पांघरुणातनं डोकं काढून विचारतो, "मग रायबाचं लग्न झालं का?"

आता काय सांगणार! मी बेळगावातच वाढले, दर वर्षी शिवजयंतीच्या चित्ररथांवर तानाजी बघत बघतच मोठी झाले, पण त्या बिचाऱ्या रायबाचं पुढं काय झालं हा विचार कधी डोक्यात आलाच नव्हता. ह्यांनी दोन दिवस पुस्तकं उलथीपालथी केली आणि मग जेवताना सांगितलं की महाराजांनी १६७६ मध्ये पारगड बांधला आणि तिथला किल्लेदार केला रायबाला. पारगड म्हणजे चंदगड तालुक्यात, आमच्या टिळकवाडीतनं दीड-दोन तास. इतकी वर्षं वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं जाऊन येऊन असतो आम्ही, आणि हे माहीत नाही!

जायचं ठरलं आणि इथं माझी चूक झाली ती मान्य करते. जुलैत गेलो. चंदगडचा पाऊस म्हणजे काय असतो हे बेळगावच्या माणसाला मी सांगायला नको, तरी पण गेलो. शिनोळीला पाट्या कन्नडच्या मराठी झाल्या की थोरली दर वेळी "आलं महाराष्ट्र" म्हणून ओरडते ते ओरडली, पाटणे फाट्याला चहा झाला, आणि गडावर पोचतो तर दहा फुटांपलीकडं काही म्हणजे काही दिसेना. तोफ आहे म्हणून जवळ गेलो तर ती खरंच तोफ होती हे हात लावल्यावर कळलं. डबा गाडीतच राहिला. थोरलीच्या पायाला दोन जळवा. ती रडायच्या बेतात, हे माझ्याकडं बघायलेत, आणि मी धुक्याकडं.

गडावर वस्ती आहे, लोकं राहतात. मालुसऱ्यांचे वंशज अजून तिथंच आहेत. एका घराच्या ओट्यावर आडोशाला थांबलो तर आतनं एक आज्जी आली, पोरीचा पाय बघितला, काही न बोलता मीठ आणून जळवांवर टाकलं, त्या पटकन गळाल्या, मग आम्हाला आत घेऊन आल्याचा चहा दिला. चुलीजवळ जरा ऊब आली तसा आमचा धाकटा सुरू झाला. "आज्जी, रायबाचं लग्न झालं का?"

आज्जी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "न्हाई झालं तर ही एवढी घरं कुठनं आली रे बाळा?"

झालं. चार वर्षं झाली ह्याला, पण इतिहास म्हटलं की त्याला अजून त्या चुलीचा धूर आठवतो.

आमची पोरं शाळेत जात नाहीत हे ओळखीच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगायचा आता कंटाळा येतो. शेजारच्या काकू अजून विचारतात, "काय करुल्यात पोरं दिवसभर घरात?" घरात कुठं असतात काकू. थोरली चौदाची झाली की एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेची, दहावी द्यायची, ते मराठीतनं पण देता येते, एवढं ठरलंय. गणित हे घेतात. त्या गणिताबद्दल मी बोलत नाही.

पण पारगडापासनं घरात एक वाद मात्र कायमचा आहे. ह्यांचं म्हणणं आधी वाचून जावं म्हणजे बघितलेलं समजतं. माझं म्हणणं उलट, आधी जाऊ दे, बघू दे, प्रश्न पडू देत, मग पुस्तक. हलशीला ह्यांच्या पद्धतीनं गेलो होतो. हलशी म्हणजे जुन्या कदंब राजांची पलाशिका, दुसरी राजधानी, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, सगळं आदल्या रात्री वाचून दाखवलं. पोरं देवळात जाऊन पाच मिनिटात बाहेर, कारण माहिती तर झालीच होती! मग मी म्हटलं आत जाऊन नुसतं उभे राहा मधोमध. तेव्हा धाकट्याला दिसलं की दोन गाभारे समोरासमोर आहेत, देव एकमेकांकडं बघतात. "मग आपण मधे आलो की त्यांना दिसत नसेल ना?" म्हणून तो वाकून वाकून चालायला लागला. तिथनं परत येताना नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो, फाशीची तारीख २६ जानेवारी १८३१ कळल्यावर थोरली गाडीत खानापूर येईपर्यंत गप्प होती.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन देवळाचं, पण तसंच. छतातनं दगडाचं कमळ खाली लोंबतंय, दोघं फरशीवर पाठ टेकून बघत बसली. बांधली १२०४ मध्ये हे नंतर कळलं, मग थोरलीनं वजाबाकी केली, ज्ञानेश्वर माउली जन्मायच्या ७१ वर्षं आधी. हे तिचं चालूच असतं. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, तर ते आणि फुल्यांची भिडे वाड्यातली शाळा एकाच सालातली, हे तिनं मला सांगितलं, मी तिला नाही.

सध्या घरात मोडीचं वेड आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत जमिनीचा एक जुना कागद सापडला, घडीवर फाटलेला, सगळा मोडीत. सासरे म्हणतात त्यांच्या वडिलांना वाचता यायचं, पुढं कुणी शिकलंच नाही. वाचनालयातनं पुस्तक आणलं, बोरू काही जमला नाही म्हणून कटनिबचं पेन. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. थोरलीला सगळ्यात काय आवडलं तर ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं ते. "आई, म्हणजे ह्यात चूक होतच नाही!" तीन आठवड्यात त्या कागदावरचे दोन शब्द लागलेत, "मौजे" आणि "तालुके". सासरे रोज संध्याकाळी विचारतात, "पुढं काय निघालं?" जमीन निघाली तर बघू.

आणि दिवाळीला अर्थातच पारगड केला. येळ्ळूरच्या शेतातनं चार पोती माती, पायऱ्यांना विटांचे तुकडे, गवतासाठी आळीव. मावळे जुनेच, दोघांचे हात तुटलेले. शेवटच्या दिवशी बघते तर बुरुजाच्या आत आंब्याच्या डहाळ्यांचा छोटासा मांडव, दोन काड्यांमधे माझ्या फाटक्या साडीचा तुकडा धरलेला, ते अंतरपाट म्हणे. बघायला आलेल्या काकू म्हणाल्या, "किल्ल्यावर हे काय रे? शिवाजी महाराज कुठायत?"

"आहेत की," धाकट्यानं मांडवाकडं बोट दाखवलं. "लग्नाला आलेत."